कारवीचं गोत: डोंगरापासून खाडीपर्यंत

वसई तालुक्यात पश्चिमेला समुद्र आणि वाड्या, दक्षिणेला खाडी आणि मिठागरं, मधोमध वाढत चाललेलं शहर आणि पूर्वेला तुंगारेश्वर-कामणदुर्गाचे डोंगर. या सगळ्या जागांवर एकाच कुळातली झाडंझुडपं उभी आहेत. डोंगरावर कारवी, वाडीच्या कुंपणाला अडुळसा आणि कोरांटी, अंगणात अबोली, वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठाला कोळशिंदा आणि खाडीच्या चिखलात मारांडी आणि तिवर. कुळाचं शास्त्रीय नाव ॲकँथेसी. जगभरात या कुळाच्या चार हजारांच्या आसपास जाती आहेत.

वनस्पतिशास्त्र शिकवणं हा माझा पेशा, आणि मुलांना, पालकांना, निवृत्त मंडळींना बरोबर घेऊन याच मुलखात झाडं दाखवत हिंडणं ही आवड. कारवीपासून सुरुवात करून तिच्या गोतावळ्याचा माग काढताना जे शिकले, ते इथे क्रमाने मांडते. सगळ्याचं सार आधीच सांगते: वर्गीकरण म्हणजे लॅटिन नावांचं पाठांतर नव्हे. झाडांची नाती कळली की आपला परिसर कळतो, आणि कळलेला परिसर माणूस सहजासहजी उजाड होऊ देत नाही.

१. फुलासाठी थांबू नका, पानापासून सुरुवात करा

कारवी म्हटलं की लोकांना निळ्याजांभळ्या फुलांचा डोंगरउतार आठवतो. पण तो बहर वर्षानुवर्षं येत नाही. मधल्या काळात कारवी उभीच असते आणि लोक तिच्या शेजारून न ओळखता निघून जातात.

पावसाळ्यात तुंगारेश्वरच्या वाटेला लागलात की झाडांच्या सावलीत माणसापेक्षा उंच, सरळ काठ्यांचं दाट रान लागतं. त्या काठीवरून बोट फिरवा. खालच्या भागावर बारीक गाठी हाताला लागतात. पानं समोरासमोर जोडीने आलेली, मोठी, कडेला दातेरी, शिरा ठळक. पान उजेडाकडे धरून दहापट भिंगातून पाहिलं की पृष्ठभागावर पांढुरक्या आखूड रेघा दिसतात. पानाच्या पेशींत साठलेल्या चुन्याच्या क्षाराचे हे खडे. शास्त्रात त्यांना सिस्टोलिथ म्हणतात. कारवीत, कोरांटीत, अडुळशात, कोळशिंद्यात ते आहेत. अबोलीत आणि मारांडीत नाहीत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

उन्हाळ्यात हीच कारवी पानं टाकून नुसत्या काटक्या होऊन उभी राहते. मेली असं वाटतं, पण पहिल्या पावसाबरोबर पेरापेरातून पालवी फुटते. म्हणून झाडाची ओळख एका ऋतूत पुरी होत नाही. तेच झुडूप जूनमध्ये, सप्टेंबरमध्ये आणि मार्चमध्ये बघायला हवं.

२. बहराची नोंद ठिकाण आणि सालासकट ठेवा

कारवी आयुष्यात एकदाच फुलते. बी रुजल्यापासून साधारण सात पावसाळे ती नुसती वाढते, आठव्या वर्षी ऑगस्टच्या सुमारास एका टापूतली सगळी झुडपं एकदम फुलतात, फळं धरतात आणि मरतात. आमच्या शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ साली असा बहर आला. हा हिशेब टिकला तर तिथला पुढचा बहर २०३२ चा.

सगळ्या डोंगरांचं वर्ष मात्र एक नसतं. सह्याद्रीत एका रांगेवर बहर असताना दुसऱ्या रांगेवर पानंच पानं असतात. त्यामुळे ‘कारवी आठ वर्षांनी फुलते’ एवढं वाक्य अपुरं आहे. कुठली कारवी, कोणत्या डोंगरावर, कोणत्या साली, हे लिहिलं तरच नोंदीला किंमत.

एवढं बी एकदम का पडावं? अभ्यासकांचा कयास असा की किडे, पाखरं, उंदीर कितीही खाऊ देत, इतक्या बियांचा फडशा पाडणं त्यांना शक्य होत नाही आणि उरलेल्या बियांतून पुढची पिढी उभी राहते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधले स्पॅनिश जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी कारवीच्या गटाच्या आणि बांबूच्या सामूहिक बहरावर १९६२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं. असा लेख घरबसल्या लिहिता येत नाही. वेगवेगळ्या डोंगरांवरच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी त्यासाठी लागतात. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. फोटोबरोबर तारीख आणि जागा जपून ठेवली, तर पुढच्या अभ्यासकाला तो ठेवा मिळेल.

३. नाव बदललं तर गोंधळू नका, त्याचा इतिहास वाचा

जुन्या पुस्तकांत कारवीची दोन शास्त्रीय नावं सापडतात: स्ट्रोबिलँथिस कॅलोसा आणि कार्विया कॅलोसा. विद्यार्थी विचारतात, ‘मॅडम, खरं कुठलं?’ उत्तर द्यायचं तर थोडी कहाणी सांगावी लागते.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नीस फॉन एसेनबेक यांनी १८३२ साली या झुडपाचं वर्णन करून त्याला स्ट्रोबिलँथिस या प्रजातीत बसवलं. ती प्रजाती ब्लूम यांनी १८२६ मध्ये स्थापलेली. पुढे तिच्यात आशियाभरच्या शेकडो जाती येऊन पडल्या आणि पसारा आवरेना. १९४४ साली डच शास्त्रज्ञ ब्रेमेकाम्प यांनी परागकणांची आणि फुलांची बारकाईने तपासणी करून या मोठ्या प्रजातीच्या अनेक लहान प्रजाती पाडल्या. त्यातली एक कार्विया, म्हणजे आपली कारवीच शास्त्रीय नावात जाऊन बसली. नंतरच्या अभ्यासकांना हे तुकडे नैसर्गिक वाटले नाहीत. त्यांनी ते पुन्हा एकत्र केले, आणि आज जगभरच्या प्रमाण याद्यांत स्ट्रोबिलँथिस कॅलोसा हेच नाव मान्य आहे.

यातून मी दोन गोष्टी शिकले. पहिली, शास्त्रीय नावाच्या शेवटी लिहिलेलं माणसाचं नाव शोभेसाठी नसतं. ‘(नीस) ब्रेमेकाम्प’ असं दिसलं तर समजायचं, जात पहिल्यांदा नीस यांनी सांगितली आणि ब्रेमेकाम्प यांनी ती दुसऱ्या प्रजातीत हलवली. एवढ्या दोन शब्दांत शंभराहून अधिक वर्षांचा प्रवास असतो. दुसरी, नाव बदलतं तेव्हा झाड बदललेलं नसतं, आपली समज बदललेली असते. म्हणून जुनं नाव खोडायचं नाही, नव्याच्या शेजारी लिहून ठेवायचं. नाहीतर जुन्या ग्रंथांतली माहिती आपल्यासाठी हरवते.

आणि जुने ग्रंथ आपल्याकडे उत्तम आहेत. डॅलझेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ चा. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. सांतापाव यांनी तर १९५१ साली मुंबई प्रांतातल्या ॲकँथेसी कुळावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये पश्चिम भारतातून जमवलेले वाळलेल्या झाडांचे नमुने आहेत. नावाबद्दल शंका आली की शेवटी अशा नमुन्याकडेच जावं लागतं.

४. कुळाची सही फळात शोधा

फुलं फसवतात. रंग बदलतात, आकार बदलतात. ॲकँथेसी कुळाची बहुतेक मंडळी एका ठिकाणी मात्र पकडली जातात, ते म्हणजे त्यांचं फळ.

हे दाखवायला मी नेहमी अबोली वापरते, कारण ती वसईच्या अंगणाअंगणांत आहे. नाळे गावातल्या एका वाडीत मुलांना घेऊन गेले होते. वाडीतल्या काकूंनी अबोलीच्या जुन्या कणसातली तपकिरी, पक्व बोंडं काढून एका मुलीच्या तळव्यावर ठेवली आणि म्हणाल्या, “पाण्याचं बोट लाव नि बघ.” तिने ओलं बोट टेकवलं. काही क्षण काहीच झालं नाही. मग ‘टक्’ असा आवाज झाला, बोंड उभं चिरलं, त्याच्या दोन फाकी झाल्या आणि बिया तिच्या ओढणीवर उडाल्या. मुलांनी मग एकही बोंड शिल्लक ठेवलं नाही.

फुटलेली फाक भिंगाखाली धरा. आतल्या कडेला बारीक, टणक, वाकडे आकडे दिसतात. प्रत्येक बी अशा एका आकड्यावर टेकलेलं असतं. बोंड फुटताना हे आकडे बेचकीसारखं काम करतात आणि बी दूर फेकतात. इतक्या वेगळ्या दिसणाऱ्या कारवी, कोरांटी, अडुळसा, कोळशिंदा, अबोली, मारांडी यांना एका कुळात बांधणारी ही सर्वांत ठळक खूण.

फुटायची वेळ मात्र ज्याची त्याची. अबोलीचं बोंड ओलाव्याने फुटतं. कारवीची फळं बहरानंतर झुडपावरच वाळतात आणि पुढच्या वर्षी फुटतात. त्या वेळी डोंगरावर गेलात तर आजूबाजूला तडतड ऐकू येते. बी जमिनीवर पडतं आणि पावसात रुजतं. बहर पाहायला शेकडो लोक जातात. हा आवाज ऐकायला जाणारे फार थोडे. तोही बहराचाच भाग आहे.

५. रंगाकडे नको, पाकळ्यांच्या ठेवणीकडे बघा

कुळ कळलं की कुळाच्या आतल्या शाखा कळायला लागतात. अडुळशाचं पांढरं फूल घ्या: स्पष्ट दोन ओठ आणि पुंकेसर दोनच. याच झुडपातल्या व्हॅसिसीन या अल्कलॉइडवरून पुढे खोकल्याचं ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं. कोरांटीत फुलाखालची निदलं पाहा: चार, त्यातली बाहेरची दोन मोठी, आतली दोन लहान. पिवळी असो वा जांभळी, ही मांडणी बदलत नाही.

आता अबोलीचं फूल हातात घ्या. पाकळ्यांचा पंखा सगळा एकाच बाजूला, वरचा ओठ नाहीच. मग नायगाव किंवा उमेळ्याकडे भरतीच्या पाण्याच्या कडेला जा आणि मारांडीचं फूल बघा. पानं काटेरी, रंग निळसर जांभळा, पण ठेवण तीच: खालचा एकच रुंद ओठ, वरचा गायब. पहिल्या मुद्द्यात सांगितलं, या दोघींच्या पानांत पांढऱ्या रेघाही नाहीत. वेणीतली अबोली आणि खाडीतली मारांडी या कुळातल्या एकाच शाखेतल्या आहेत, आणि डोंगरावरची कारवी दोघींना जरा लांबची. राहण्याच्या जागेवरून लावलेला अंदाज इथे साफ चुकतो. फुलाची ठेवण, पान आणि फळ या तिन्हींची साक्ष जुळली तरच नातं पक्कं धरावं.

६. एक खूण नाही म्हणून नातं तोडू नका

तीन खुणांच्या या नियमालाही अपवाद असतो, आणि तिवराने मला सर्वांत जास्त शिकवलं. वसईच्या खाडीकाठी तिवर सगळ्यांना माहीत आहे. पान खालून राखाडी, वर मिठाचे कण, चिखलातून वर आलेली श्वासमुळं. फुलं लहान, पिवळी-केशरी, चार पाकळ्यांची. बी झाडावर फळात असतानाच रुजायला लागतं आणि पाण्यावर तरंगत जाऊन चिखलात पाय रोवतं. फळात आकडे नाहीत, बी फेकणं नाही.

कुक यांच्या काळी तिवराला सागाच्या जोडीने व्हर्बिनेसी कुळात ठेवलं होतं. नंतर काहींनी त्याला स्वतंत्र कुळ दिलं. २००२ साली श्वार्झबाख आणि मॅक्डेड या दोन संशोधकांनी डीएनएचा पुरावा मांडला, आणि तिवर ॲकँथेसी कुळाच्या आतच बसतं हे दिसलं. समोरासमोर पानं, फुगीर पेरं या खुणा तर आधीपासून डोळ्यांसमोर होत्या. साग दरम्यान तुळशीच्या कुळात गेला, पावसाळी रानभाजीची भारंगीही त्याच कुळात गेली.

बऱ्याच महाविद्यालयांत अजूनही झाडांची मांडणी बेंथम आणि हूकर यांच्या १८६२ ते १८८३ च्या पद्धतीने शिकवतात. ती पद्धत हाताला सवय लावायला चांगली आहे, फूल कसं उघडायचं आणि काय मोजायचं हे ती शिकवते. पण तिच्यावर थांबू नये. १९९८ पासून एपीजी या आंतरराष्ट्रीय गटाने डीएनएच्या आधारे सपुष्प वनस्पतींची नवी मांडणी केली, तिची चौथी आवृत्ती २०१६ ची. विद्यार्थ्यांना दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी दाखवाव्यात. कुठे बदल झाला आणि का झाला, हे समजलं की विषय जिवंत होतो.

७. झाडाबरोबर त्याची जागाही वाचा

बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांतलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या पाण्यावर वाड्या शिंपल्या जात आणि भोवतीच्या विहिरींना पाझर मिळे. त्याच्या दलदलीच्या काठावर कोळशिंदा वाढतो. प्रत्येक पेराशी लांब पिवळसर काटे आणि त्यांच्या घोळक्यात जांभळी फुलं. त्याचं बी म्हणजे औषधी दुकानातला तालिमखाना. पाण्यात टाकलं की बुळबुळीत होतं.

कोळशिंद्याला पाय ओले लागतात. मारांडीला खारं पाणी चालतं. कारवीला उताराचा निचरा हवा. म्हणून कोळशिंदा दिसला की तिथे पाणी मुरतंय हे समजावं, आणि जिथे तो असायचा तिथून नाहीसा झाला तर पाण्याचं काय झालं ते विचारावं. २०१८ च्या जुलैत वसई-विरारने पाण्यात काढलेले दिवस कुणी विसरलेलं नाही. बावखलं, मिठागरं आणि तिवरांची जागा ही पाण्याची जागा आहे. ती भरणी टाकून बुजवली की पाणी आपल्या घरात जागा शोधतं. झाडं ओळखणाऱ्या माणसाला हे नकाशा न उघडताही दिसतं.

८. ज्यांच्या घरात झाड आहे त्यांच्याकडून शिका

पुस्तकात कारवी हे ‘झुडूप’ आहे. डोंगरपायथ्याच्या वारली पाड्यात ती भिंत आहे. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, आडव्या काठ्यांना बांधून, वर शेणमातीचा लेप दिला की कूड तयार होतो. उन्हात थंड, पावसात टिकाऊ, पाया न खणता उभा राहणारा. वारली चित्रं मुळात अशाच कुडाच्या भिंतींवर, गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाने काढली गेली. आपल्याच जिल्ह्यातले जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, यांनी ती कला कागदावर आणि कापडावर जगभर नेली. त्या चित्राखाली मूळची कारवी आहे, हे वनस्पतीच्या तासाला सांगायलाच हवं.

कारवीच्या बहरात मधमाश्यांची झुंबड असते आणि तो मध गडद, दाट असतो. उतारावर तिच्या मुळांनी माती धरलेली असते. काठी कोवळी की जून, कुठल्या उताराची मजबूत, हे कूड बांधणाऱ्यांना हाताने कळतं. माझ्या फेऱ्यांत पाड्यातली जाणती माणसं बरोबर असतील तर वर्गीकरण सांगताना मी आधी त्यांना बोलायला सांगते. त्यांची नावं आणि त्यांच्या खुणा वहीत पहिल्या लिहायच्या, शास्त्रीय नाव त्यानंतर.

९. नात्यातलं असलं म्हणून इथलं असतंच असं नाही

गृहसंकुलांच्या बागांत हल्ली जांभळ्या फुलांचं रुएलिया रांगेने लावलेलं दिसतं. नर्सरीत त्याला मेक्सिकन पेटुनिया म्हणतात. त्याचंही बोंड फुटून बी उडतं, आत तसेच आकडे असतात, कारण तेही ॲकँथेसीच. पण ते अमेरिका खंडातलं. कुळ सांगतं नातं कोणाशी. गाव कोणतं हे कुळ सांगत नाही. तो प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

कुंपणाला काही लावायचंच असेल तर अडुळसा आणि कोरांटी लावा. दोन्ही इथल्या मातीतल्या, फांदी खोचली तरी जगतात. सावलीच्या कोपऱ्यात दशमुळी लावा, सह्याद्रीचीच, हिवाळ्यात निळी फुलं येतात. अबोली तर आपल्याकडे आहेच.

१०. ओळखल्यावर राखायचं कामही आपलंच

तुंगारेश्वर हे २००३ पासून सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. तिथलं फूल तोडणं, कारवी कापणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. सात पावसाळ्यांच्या वाढीनंतर एकदाच फुललेली फांदी सेल्फीसाठी मोडली तर तिचं बी कधीच पडणार नाही, कारण त्या झुडपाला दुसरी संधी नसते. तिवरांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट निकाल दिला: कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग, आणि कांदळवनाभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम किंवा भरणी नको. डोंगरावरची कारवी आणि खाडीतलं तिवर, एका कुळाच्या या दोन टोकांना कायद्याचं छत्र आहे. मधली बावखलं आणि वाड्यांची कुंपणं मात्र पूर्णपणे आपल्या शहाणपणावर उभी आहेत.

म्हणून एवढंच सांगणं आहे. एक भिंग घ्या, एक वही घ्या, आणि आपल्या घराजवळचं एक झुडूप वर्षभर पाहा. मुलांना अबोलीचं बोंड ओलं करून दाखवा. बावखल बुजवायला गाडी आली तर शेजाऱ्यांना घेऊन तिच्यासमोर उभे राहा. २०३२ साली राष्ट्रीय उद्यानात कारवी बघायला जाल तेव्हा पायवाट सोडू नका, फूल तोडू नका, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जा. तिचं बी उडताना ऐका.